मये-डिचोलीची पायी भटकंती : दमट उकाड्यात पाठपिशवीत कोणते कपडे घ्यावेत

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांचे मूळ डिचोली आणि पेडणे महालांत आहे. पूर्वी गावी जायचे म्हणजे मे महिन्यात ट्रंका भरून जायचे आणि महिनाभर आजोळी राहायचे. आता घरातली मुले-नातवंडे चार-पाच दिवसांची सवड काढतात आणि पाठीवर पिशवी घेऊन निघतात. मये तलाव, हरवळेची लेणी व धबधबा, साखळी, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले नार्वे येथील सप्तकोटेश्वर, तिथून फेरीबोटीने दिवाडी, उलट दिशेला पेडण्यातील केरी आणि फेरीबोट ओलांडून तेरेखोलचा किल्ला, असा बेत ठरतो. पायी, बसने आणि फेरीबोटीने तो सहज जमतोही. अडचण येते ती कपड्यांची. पुण्याच्या, बेंगळुरूच्या किंवा परदेशातल्या कोरड्या हवेचा अंदाज धरून भरलेली पिशवी गोव्यात दुसऱ्याच दिवशी ओल्या, वास मारणाऱ्या कपड्यांचे ओझे होऊन बसते.

म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी ही माहिती एकत्र केली आहे. तिचे सार एका नियमात सांगता येईल : दमट प्रदेशात कपडे किती घ्यायचे हे दिवसांच्या संख्येवरून ठरवू नये, ते रात्रीत वाळतात की नाही यावरून ठरवावे. रात्रीत वाळणारे तीन जोड आठ दिवस पुरतात. न वाळणारे सहा जोड तिसऱ्या दिवशी संपतात.

हवेचा स्वभाव

गोव्यात तापमानाचा आकडा फार मोठा नसतो. एप्रिल-मेमध्ये किनारपट्टीवर दुपारी ३३-३४ अंशांच्या आसपास पारा असतो. नागपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या उन्हात समुद्राची आणि खाड्यांची वाफ मिसळलेली असते. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की शरीराला सुमारे ४१ अंशांचा ताप जाणवतो. शिवाय रात्री फारसा गारवा येत नाही, त्यामुळे शरीराला विसावा मिळत नाही आणि कपड्यांनाही वाळायला हवा मिळत नाही.

पिशवी भरताना वर्षाचे तीन भाग ध्यानात घ्यावेत.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा चालायला सर्वांत बरा काळ. दुपार तापते, पण पहाट गार असते आणि आतल्या गावांत, कुळागरांत दव पडते. कपडे एका दिवसात नक्की वाळतात.

मार्च ते मे हा घामाचा काळ. जत्रांचा हंगामही बराचसा याच दिवसांत येतो. मेच्या उत्तरार्धात वळवाचे गडगडाटी पाऊस सुरू होतात. ऑक्टोबरची उष्माही याच जातीची, तिच्यासाठीही हाच हिशेब धरावा.

जून ते सप्टेंबर पावसाचा. पणजीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक जून व जुलै या दोन महिन्यांत. या दिवसांत उघड्यावर काही वाळेल ही आशाच धरू नये.

घाम आणि कापड

घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही, तो उडून गेल्याने होते. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. भर उन्हात ओझे घेऊन चालणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. हवा आधीच ओली असेल तर तो उडत नाही, अंगावरून ओघळून कपड्यात मुरतो. म्हणजे पाणी आणि मीठ तर जाते, पण गारवा मिळत नाही. अशा हवेत कपड्याने अंगाभोवती वारा खेळता ठेवणे महत्त्वाचे. म्हणून घट्ट कपड्यापेक्षा सैल कपडा बरा, मग तो कोणत्याही धाग्याचा असो.

धाग्यांतला फरक मात्र समजून घ्यावा. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो, लोकर सुमारे सोळा टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून सुती कापड अंगाला मऊ व गार लागते, पण भिजले की जड होते आणि वाळायला वेळ लावते. पॉलिएस्टर लवकर वाळते, पण घामाचा वास धरते, अंगाला चिकटते आणि आगीजवळ धोक्याचे ठरते. म्हणून 'सगळे सुती' किंवा 'सगळे स्पोर्ट्सचे' असे एकच धोरण चालत नाही. चालताना घालायला पातळ, लवकर वाळणारे मिश्र कापड. झोपायला, देवळात जायला आणि विसाव्याला पातळ सुती, अशी वाटणी सर्वांत सोयीची पडते.

जीन्स घरी ठेवावी. कोरडी असतानाच ती पाऊण किलोच्या आसपास भरते, भिजल्यावर वजन दुपटीवर जाते आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. ओली जीन्स घालून चालल्यास मांड्या सोलवटतात.

आपल्या जुन्या माणसांनी हे गणित वेगळ्या रीतीने सोडवले होते. चिखलात आणि पाण्यात उभे राहून भातलावणी करणाऱ्या कुणबी बाया सुती चौकटीचे लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसत, त्यामुळे काठ भिजत नसे आणि पायांना वारा लागे. पुरुषांची कास्टी आणि खांद्यावरचा पंचा यांना वाळायला तासभर पुरे. पावसात डोक्यावर इरले किंवा घोंगडीची खोळ असे. लोकर भिजली तरी ऊब देते आणि खोळ पुढून उघडी असल्याने आत घाम साचत नाही. या कुणबी वस्त्राला अलीकडच्या काळात वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा नाव मिळवून दिले. कोलवाळ येथे त्यांच्या घरात उभे राहिलेले 'मोडा गोवा' हे वस्त्रसंग्रहालय पेडण्याच्या वाटेवर आहे. भटकंतीत एखादी दुपार त्यासाठी राखावी.

तीन जोडांची यादी

मलेशियासारख्या दमट जंगलांत सराव करणाऱ्या सैनिकांना एक शिस्त शिकवली जाते : एक जोड ओला, एक जोड कोरडा. दिवसभर भिजलेले कपडे रात्री उतरवायचे, कोरडे घालून झोपायचे आणि सकाळी पुन्हा तेच ओले अंगावर चढवायचे, पण कोरडा जोड भिजू द्यायचा नाही. आपल्याला इतके कठोर होण्याचे कारण नाही. एक जोड अंगावर, एक दोरीवर आणि एक पिशवीत कोरडा, एवढे पुरते. चार ते आठ दिवसांसाठी आम्ही पुढील यादी सुचवतो.

चालण्याचे दोन जोड : पूर्ण बाह्यांचे सैल, पातळ शर्ट किंवा कुडते दोन, पातळ, घोळदार पँट किंवा सलवार दोन. पूर्ण बाह्या उन्हापासून, डासांपासून आणि काट्यांपासून वाचवतात. उकडले तर त्या दुमडता येतात.

रात्रीचा कोरडा जोड : पातळ सुती सदरा आणि लुंगी, पायजमा किंवा गाऊन. हा जोड चालताना कधीही घालू नये.

देवळासाठी : पुरुषांना सुती कुडता-पायजमा किंवा पातळ धोतर, स्त्रियांना सुती साडी किंवा सलवार-कमीज व ओढणी. जागा कमी असेल तर चालण्याच्या जोडांपैकी एक असा निवडावा की धुऊन तो देवळात चालेल.

आतले कपडे : तीन ते चार जोड. यात काटकसर करू नये.

मोजे : तीन जोड, पातळ. त्यांपैकी एक फक्त झोपण्यासाठी किंवा फोड आल्यास.

पंचे : दोन. जाड टर्किश टॉवेल अजिबात नको. पंचा अंग पुसायला, डोक्याला बांधायला, मानेवर ओला करून ठेवायला आणि कपडे पिळायलाही उपयोगी पडतो.

डोक्याला रुंद काठाची सुती टोपी, पावसाळ्यात छत्री, हिवाळ्यात पहाटेसाठी एक पातळ शाल किंवा जाकीट. पायांत घट्ट पट्ट्यांच्या सँडल किंवा कॅनव्हासचे बूट आणि मुक्कामासाठी रबरी चप्पल. चामड्याच्या बुटांना आठवडाभरात बुरशी धरते.

पादत्राणे सोडून हे सारे अडीच ते तीन किलोंच्या आत बसले पाहिजे. भरलेल्या पिशवीचे एकूण वजन आपल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. साठ किलोच्या माणसाला सहा ते नऊ किलो म्हणजे पुष्कळ झाले, आणि त्यात दोन लिटर पाणीही धरायचे आहे.

रंगाबद्दल एक सूचना. डिचोलीची माती तांबडी आणि हवेत खनिजाची धूळ. पांढरा कपडा दुपारपर्यंत विटकरी होतो, काळा ऊन ओढून घेतो. खाकी, राखाडी, फिकट मातकट रंग घ्यावेत. तांबड्या मातीचा डाग पडला तर चिखल आधी वाळू द्यावा, झटकावा, मग साध्या पाण्याने धुऊन साबण लावावा. ब्लीच घालू नये. लोहाचा डाग ब्लीचने पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ चोळून थोडा वेळ ठेवल्यास तो फिकटतो.

देवस्थाने आणि जत्रा

गोव्यातील अनेक देवस्थानांनी पोशाखाविषयी फलक लावले आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, ही किमान अपेक्षा सर्वत्र असते, चर्चमध्येही. बाहेर वाढलेल्या मुलांना हे आधी सांगावे. ग्रामदेवतेच्या दारातून पोरांना कपड्यांसाठी मागे फिरावे लागले की थोरांनाही वाईट वाटते आणि मुलांच्या मनातही गावाविषयी अढी बसते. पिशवीत एक पातळ लुंगी किंवा ओढणी ठेवली की हा प्रसंग टळतो.

मयेची महामाया, मुळगावची केळबाय आणि शिरगावची लईराई या बहिणी मानल्या जातात, त्यामुळे मयेला आलेले बरेच जण वैशाख शुद्ध पंचमीच्या शिरगावच्या जत्रेलाही जातात. तिथे होमकुंडाच्या निखाऱ्यांतून धोंड चालत जातात. धोंडांचे सोवळे आणि नियम वेगळे आहेत, ते जाणत्यांकडूनच शिकावेत. बघायला जाणाऱ्यांनी मात्र एवढे नक्की पाळावे : होमकुंडाच्या आसपास पॉलिएस्टर वा नायलॉनचे कपडे घालू नयेत. ठिणगी पडली तर सुती कापड जळते, पण नायलॉन वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल होते. त्या रात्रीसाठी सुती जोडच वापरावा. गर्दीत लोंबणारी ओढणी, पायात येणारे धोतर, सहज निसटणारी चप्पल नको. २०२५ साली ३ मेच्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले, हे विसरू नये. पाठपिशवी मुक्कामी ठेवूनच जत्रेत जावे.

साळची गड्यांची जत्रा होळीच्या दिवसांत आणि पेडण्याची पुनव कोजागिरीला. दोन्ही रात्रीच्या. उघड्यावर रात्र काढायची असल्याने दव आणि डास यांच्यासाठी पूर्ण बाह्या व एक पातळ शाल हवी.

रानात जाताना

मयेच्या पूर्वेला सत्तरीचे रान सुरू होते. २०१५ पासून सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आणि २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्ग भागातही. हा रोग प्रथम १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर येथे ओळखला गेला, म्हणून त्याला क्यासनूर जंगलाचा रोग म्हणतात. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि जिवावरही बेतू शकतो. त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका भटकंतीचा हंगाम. काजूच्या बागांत आणि पालापाचोळ्यात काम करणाऱ्यांना त्याची झळ जास्त बसली.

यावर कपडा हा पहिला उपाय आहे. रानात किंवा काजूच्या बागेत जाताना कितीही उकडत असले तरी आखूड चड्डी घालू नये. पूर्ण पँट घालून तिची टोके मोज्यांत खोचावीत, सदरा पँटमध्ये खोचावा. कपडे फिकट रंगाचे असावेत म्हणजे चढणारी गोचीड दिसते. पाचोळ्यावर कपडे पसरू नयेत, त्यावर बसू वा झोपू नये. परतल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाकावेत आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, मुलांच्या केसांची मुळे तपासावीत. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, चिरडू नये. पुढच्या आठवडाभरात थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

पावसाळ्यात

पावसात बहुतेकांचा भर रेनकोटवर असतो. पण बंद रेनकोटात चढ चढताना माणूस बाहेरच्या पावसापेक्षा आतल्या घामानेच अधिक भिजतो. सपाट रस्त्यावर मोठी छत्री चांगली. सड्यावर मात्र वारा छत्री टिकू देत नाही, आणि वीज कडाडत असेल तर उघड्या सड्यावर थांबूच नये. तिथे पुढून उघडा राहणारा, पिशवीवरूनही पांघरता येणारा पाँचो बरा.

अंग भिजणारच असे धरून चालावे आणि पिशवीतले मात्र भिजू देऊ नये. पिशवीवरचे आवरण मुसळधार पावसात पुरेसे नसते. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी अंथरावी आणि त्यात प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत बांधावा. कोरडा जोड सर्वांत खाली, ओले कपडे बाहेरच्या कप्प्यात. ओला कपडा बंद पिशवीत रात्रभर राहिला की कुबट वास आणि काळे ठिपके धरतो, आणि ते ठिपके मग निघत नाहीत.

जांभ्या दगडावर शेवाळ साचते. गुळगुळीत तळव्याची चप्पल तिथे धोक्याची. घाटाकडच्या ओल्या रानात जळवा लागतात, तिथेही लांब मोजे उपयोगी. पावसाळ्यात अभयारण्यांतील धबधब्यांवर वनखात्याचे निर्बंध असतात, आधी चौकशी करूनच बेत ठरवावा.

धुणे आणि वाळवणे

मुक्कामाला पोहोचल्यावर आधी कपडे, मग चहा. दिवसाचा जोड उतरवून साध्या पाण्यात खळबळावा, कारण घामाचे मीठ राहिले तर कापड हवेतला ओलावा ओढून घेत राहते. साबण थोडाच लावावा आणि पूर्ण काढावा. मग कपडा कोरड्या पंचात गुंडाळून, वळकटी करून, गुडघ्याखाली दाबून पिळावा. अर्धे पाणी इथेच जाते. नंतर झटकून पंख्याखाली, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून टांगावा. यासाठी चार मीटर नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे पिशवीत असावेत. नातेवाइकांकडे उतरलो असलो तर ओटीवरची दांडी वापरण्याआधी घरच्या वहिनींना विचारावे. पावसाळ्यात त्या दांडीवर घरच्यांच्याच कपड्यांची रांग असते.

सकाळी कपडा किंचित दमट असेल तर अंगावर घालून चालावे, तो अर्ध्या तासात वाळतो. आतले कपडे आणि मोजे मात्र दमट घालू नयेत.

अंगाची काळजी

ओल्या कपड्यांमुळे घामोळे, जांघेत सोलवटणे आणि गजकर्ण हे तीन त्रास हमखास होतात. चालून झाल्यावर अंग धुऊन, पूर्ण कोरडे करून सैल सुती कपडा घालणे हाच खरा इलाज. गोल, खाजरा, कडेने वाढणारा चट्टा दिसला तर दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नये. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरते आणि पुढे औषधाला दाद देत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत मुलींनी आतल्या कपड्यांचे दोन जोड अधिक घ्यावेत. ज्येष्ठांनी, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. लहान मुलांसाठी तीनऐवजी पाच जोड धरावेत.

चालताना कोणी अडखळत, असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेले लागले किंवा भोवळ आली तर तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत न्यावे, अंगावरचे कपडे सैल करावेत किंवा काढावेत, भरपूर पाणी ओतून अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. हे टाळायचे असेल तर सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चारनंतरच चालावे, मधला वेळ देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या कुळागराच्या सावलीत काढावा.

निघण्यापूर्वी घरची चाचणी

निघण्याच्या आठवडाभर आधी नेऊ इच्छिता तो प्रत्येक कपडा रात्री धुऊन न्हाणीघरात, दार लावून टांगावा. सकाळपर्यंत जो वाळला नाही तो पिशवीतून काढून टाकावा. मग पिशवी पूर्ण भरून, पाण्यासह वजन करून, ती पाठीवर घेऊन घराभोवती तासभर फिरावे. जिथे टोचते, घासते, भिजते ते तेव्हाच कळते आणि दुरुस्त करता येते.

गावच्या वाटेवर असलेल्या मुला-मुलींच्या पालकांनी ही यादी छापून त्यांच्या हाती द्यावी. सामान कमी असले की ती चार पावले जास्त चालतील, तळ्याकाठी तासभर जास्त बसतील आणि आजोबा-आजींच्या गावाची ओळख त्यांना गाडीच्या काचेआडून करून घ्यावी लागणार नाही.